अण्णांचें एरोड्रोम

गेल्या श्रावणांत एके दिवशीं संध्याकाळीं आमच्या नातीचा बारामतीहून फोन आला. ती तेथें विमान चालविण्याचें शिक्षण घेत आहे. ज्या घरांत सात पिढ्यांत कोणी साधी बैलगाडी हांकली नाहीं, त्या घरची मुलगी आकाशांत वाहन हांकणार, या कल्पनेची आम्हां म्हाताऱ्यांना अजून पुरती संवय झालेली नाहीं. पण तो विषय निराळा. तिनें आमची खुशाली विचारली, आजीच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग म्हणाली, “आजोबा, तुम्ही जन्मभर मराठी शिकवलीत ना? मग मला ‘एरोड्रोम’चा अर्थ सांगा. परवां परीक्षा आहे. व्याख्या पाठ झाली. पण ‘ड्रोम’ म्हणजे काय तें पुस्तकांत कुठेंच दिलेलें नाहीं.”

“एरोड्रोम?” मीं विचारलें. “हा शब्द अजून आहे?”

“म्हणजे काय! आमच्या पुस्तकांत पानोपानीं आहे.”

उद्यां सांगतों, असें म्हणून मीं फोन ठेवला खरा; परंतु त्या रात्रीं मला लवकर झोंप आली नाहीं. हा शब्द आमच्या घरांत एके काळीं सुखानें नांदत होता, आणि त्याला घराबाहेर काढणारा मीच होतों.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, कोल्हापुरास हायस्कुलांत संस्कृत शिकवीत. त्यांचें कॉलेजचें शिक्षण पुण्यास झालें. तो काळ आपल्या देशांत विमानांच्या नवलाईचा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर आपलें लहानसें विमान उतरविलें, आणि टाटांच्या हवाई टपालाचा आरंभ झाला. जुहूचें मैदान समुद्राला लागून. पावसाळ्यांत तेथें चिखलाचें आणि पाण्याचेंच राज्य. तेव्हां पावसाच्या महिन्यांत हा सगळा संसार पुण्यास हलवावा लागे. अशाच एका पावसाळ्यांत अण्णा आणि त्यांचे दोन सहाध्यायी छत्र्या घेऊन पायीं निघाले आणि तें टपालाचें विमान उतरतांना पाहून आले. ही हकीकत त्यांनीं आम्हां मुलांना इतक्या वेळां सांगितली होती कीं, ढगांतून विमान कोणत्या बाजूनें खालीं आलें हेंही आम्हांला तोंडपाठ झालें होतें. त्या हकीकतींत जागेचें नांव एकच असे: एरोड्रोम. पुढें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत कोल्हापुराजवळ उजळाईवाडीच्या माळावर विमानें उतरूं लागलीं, तें उजळाईवाडीचें एरोड्रोम. आणि १९६८ सालीं माझा थोरला भाऊ शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला, तो सांताक्रूझच्या एरोड्रोमवरून.

दादा सहा वर्षांनीं, १९७४ च्या डिसेंबरांत, प्रथमच परत आला. आम्ही सगळे आदल्या दिवशींच गिरगांवांत आत्याकडे जाऊन राहिलों होतों. मी त्या वर्षीं नुकताच मराठीचा अध्यापक झालों होतों, आणि नव्या अध्यापकाच्या अंगीं भाषाशुद्धीचा जो ताठा असतो, तो माझ्या अंगीं पुरेपूर होता. पहांटे टॅक्सी दाराशीं उभी राहिली. अण्णांनीं नवी टोपी घातली होती. ते चालकाला म्हणाले, “एरोड्रोमवर घ्या.” त्याला कांहीं उमगलें नाहीं. मी पुढें होऊन “विमानतळ, सांताक्रूझ” असें सांगितलें, आणि मग अण्णांकडे वळून सर्वांदेखत म्हणालों, “अण्णा, एरोड्रोम हा शब्द आतां कोणी वापरीत नाहीं. आपल्याजवळ चांगला शब्द असतांना हें परक्याचें ओझें कशाला वाहायचें?”

अण्णा हंसले. “ओझें नव्हे रे,” ते म्हणाले, “त्यांतला द्रोम आपल्याच गोत्रांतला आहे. द्रम् धातु...”

“तुम्हांला जिकडे तिकडे संस्कृतच दिसतें!” मी मध्येंच म्हणालों. आत्या हंसली, आत्याचीं मुलें हंसलीं, टॅक्सींत बसतां बसतां सगळेच हंसले. अण्णा गप्प झाले. त्यांनीं टोपी सारखी केली आणि ते खिडकीबाहेर पाहूं लागले.

त्यानंतर अण्णांच्या तोंडून तो शब्द मीं पुन्हां ऐकला नाहीं. ‘विमानतळ’ असेंही ते कधीं म्हणाले नाहींत. महिन्यानें दादा परत जावयास निघाला, तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, “तिकडे किती वाजतां पोहोंचायचें?” त्या रात्रीं आम्ही प्रेक्षकांच्या सज्जांत उभे होतों. विमान धांवलें, उठलें, त्याचे दिवे दिसेनासे झाले. आम्ही जिन्याकडे वळलों, तरी अण्णा जागचे हलले नाहींत. आकाशांत पाहण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. ते खालीं त्या रिकाम्या धांवपट्टीकडे पाहत होते. मीं त्यांना दोनदां हांक मारली, तेव्हां ते आले.

अण्णा १९९१ सालीं गेले. दादाला पोहोंचावयास तिसरा दिवस उजाडला. त्याला आणावयास विमानतळावर मी एकटाच गेलों होतों.

असो. नातीला उत्तर देणें भाग होतें, म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोश काढून बसलों. शब्द ग्रीक आहे. त्यांतील पहिला भाग हवेचा, हें कोणाच्याही ध्यानांत येईल. दुसरा भाग ‘द्रोमोस’. त्याचा अर्थ धांव, आणि जेथें धांवावयाचें ती जागाही. कॉन्स्टंटिनोपलचें ‘हिप्पोड्रोम’ म्हणजे घोड्यांच्या शर्यतींचें मैदान. उलट वाचलें तरी तेंच राहतें तें ‘पॅलिंड्रोम’, म्हणजे मागें फिरून धांवणारें. बरोबरीनें दिसणाऱ्या लक्षणांच्या मेळ्याला डॉक्टर ‘सिंड्रोम’ म्हणतात, म्हणजे एकत्र धांवणें. आणि एका वशिंडाचा, वेगानें पळणारा उंट तो ‘ड्रोमेडरी’. एवढें झाल्यावर मीं मोनियर विल्यम्स यांचा संस्कृत कोश उघडला आणि भीत भीत ‘द्रम्’ धातु काढला. धांवणें, इकडे तिकडे भटकणें, असा अर्थ. आणि त्याच्या शेजारींच ग्रीक द्रोमोसची सोयरीक स्पष्ट नोंदविलेली.

अण्णांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. पाणिनीय धातुपाठांत हा धातु गत्यर्थक म्हणून सांगितला आहे, आणि त्याचें एक रूप तर आपल्या नित्य पठणांतलें आहे. कठोपनिषदांत, आंधळ्यानें नेलेल्या आंधळ्यांचा दृष्टांत येतो तेथें, ‘दन्द्रम्यमाणाः’ असें तें रूप आलें आहे. अज्ञानांत राहूनही स्वतःला मोठे पंडित समजणारे जे लोक वाट चुकून भटकत असतात, त्यांना तें विशेषण लावलेलें आहे. तें वाचलें आणि मी कोश तसाच उघडा टाकून गॅलरींत जाऊन उभा राहिलों.

ग्रीक म्हणून शब्द परका, असें मीं त्या दिवशीं म्हटलें होतें. वास्तविक आपल्या घरांत ग्रीकांची वस्ती फार जुनी. पत्रिकेंतील ‘केंद्र’ आणि ‘होरा’ हे शब्द ग्रीकांकडूनच ज्योतिषांत आले. बाजारांत आपण ज्याची घासाघीस करतों तो ‘दाम’ही ‘द्रम्म’ या नाण्याच्या वाटेनें ग्रीक द्राख्मेपासून उतरलेला. त्यांना आपण कधीं घर सोडा म्हटलें नाहीं.

हवेंतून धांवणें या अर्थाचें क्रियापद ग्रीकांजवळ विमानें नसतांनाही होतें, हें मला या निमित्तानें कळलें. दुसऱ्या शतकांत ल्युशियन नांवाचा एक विनोदी लेखक होऊन गेला. त्यानें ‘खरी गोष्ट’ या अर्थाच्या नांवाची एक कथा लिहिली आणि आरंभींच सांगून टाकलें कीं, हिच्यांत खरें असें कांहीं नाहीं. त्या कथेंत वावटळ एक जहाज उचलून नेते. तें सात दिवस आणि तितक्याच रात्री हवेंतून धांवतें आणि अखेर चंद्रावर जाऊन लागतें. त्या धांवण्याला ल्युशियननें योजलेलें क्रियापद याच दोन शब्दांचें बनलेलें आहे.

मात्र इंग्रजींत या शब्दाला जी प्रसिद्धि मिळाली, ती एका अपयशी माणसामुळें. अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँगली यांनीं ‘एरोड्रोम’ हें नांव दिलें तें मैदानाला नव्हे, आपल्या उडणाऱ्या यंत्राला. हवेंतून धांवणारा, हा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ. ६ मे १८९६ रोजीं पोटोमॅक नदींतील एका नौकागृहाच्या छपरावरून त्यांनीं वाफेच्या बळावर चालणारें, माणसाविना उडणारें आपलें पांचव्या क्रमांकाचें एरोड्रोम सोडलें, आणि तें सुमारें १,००० मीटर उडालें. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तें पाहावयास जातीनें हजर होते. मग लँगलींनीं माणूस बसूं शकेल असें मोठें यंत्र बांधलें. ७ ऑक्टोबर १९०३ रोजीं तें नदींत पडलें; ८ डिसेंबरला पुन्हां सोडलें, पुन्हां पडलें. आंतला चालक वांचला, पण लँगलींची देशभर थट्टा झाली. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनीं, १७ डिसेंबरला, राइट बंधूंचें विमान उडालें. लँगली १९०६ सालीं वारले. बेल यांनीं मात्र लँगलींचा शब्द टाकला नाहीं. १९०८ आणि १९०९ या सालांत त्यांच्या मंडळींनीं जीं चार विमानें उडविलीं, त्यांना क्रमांक घालून त्यांनीं एरोड्रोमच म्हटलें.

त्याच सुमारास युरोपांत विमानांच्या शर्यती भरूं लागल्या. १९०९ च्या ऑगस्टमध्यें फ्रान्समधील रेम्स शहराजवळ भरलेला मेळावा प्रसिद्धच आहे. घोड्यांचें जसें हिप्पोड्रोम, तसें विमानांचें मैदान तें एरोड्रोम, अशी लोकांनीं सरळ जुळणी केली, आणि हाच अर्थ रूढ झाला. एकाच शब्दाला असे दोन अर्थ कसे, असा प्रश्न पडणाऱ्यांनीं आपला ‘यान’ शब्द आठवावा. जाणें तें यान, ज्यांत बसून जावयाचें तेंही यान, आणि देवयान म्हणतांना जी वाट अभिप्रेत असते तीही यानच. लँगलींच्या शब्दाचें एवढेंच झालें कीं, यंत्राला पुढें दुसरीं नांवें मिळालीं आणि धांवणाऱ्याचें नांव खालच्या जमिनीला चिकटून राहिलें. सज्जांत उभे असलेले अण्णा मला तेव्हां आठवले.

कालांतरानें मोठमोठ्या शहरांच्या बाबतींत ‘एअरपोर्ट’ हा शब्द पुढें सरसावला, आणि एरोड्रोम म्हटलें कीं एखादें आडगांवचें, एका धांवपट्टीचें, कडेला गवत वाढलेलें मैदान डोळ्यांपुढें येऊं लागलें. कायद्यानें मात्र हा भेद मानलेला नाहीं. आपल्याकडील १९३४ च्या विमान कायद्याच्या व्याख्येप्रमाणें, विमानांच्या उतरण्यासाठीं अथवा निघण्यासाठीं योजलेली कोणतीही ठराविक जागा, मग ती जमीन असो वा पाणी, एरोड्रोमच होय. आणि तिच्यावरील इमारती, छपऱ्या, नौका, धक्के हेही त्यांत येतात. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानें तो जुना कायदा गेला, शब्द गेला नाहीं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांचें चौदावें परिशिष्ट याच नांवाचें आहे. तेव्हां “आतां कोणी वापरीत नाहीं” हें माझें टॅक्सीच्या दाराशीं केलेलें विधान १९७४ सालींही खोटें होतें आणि आजही खोटेंच आहे.

याचा अर्थ आपला ‘विमानतळ’ शब्द उणा आहे, असा मात्र नाहीं. त्याच्यावर माझा लोभ आजही आहे. या एका जागेला आपल्या देशांतील भाषांनीं किती प्रेमानें नांवें ठेवलीं आहेत! बंगालीनें तिला ‘विमानबंदर’ म्हटलें. तेलुगूनें ‘विमानाश्रय’ म्हणून थेट आश्रयच दिला. तमिळ लोक ‘निलय’ म्हणतात. कन्नडिगांनीं थांबण्याची जागा एवढेंच पाहिलें, आणि हिंदीनें ‘अड्डा’ म्हटलें, जो शब्द मराठी कानाला जुगाराची आठवण करून देतो. आपण ‘तळ’ म्हटलें. लष्कराचा तळ पडतो आणि हालतो. वारींतील पालखी रात्रीं जेथें विसांवते तो पालखीतळ. तळावर कोणी कायमचें राहत नाहीं, आणि तळ ही विसांव्याची जागा असली तरी पहांटे निघावयाचें आहे हें प्रत्येकाला ठाऊक असतें. मल्याळींतील ‘तावळम्’ हाही असाच मुक्कामाच्या जागेचा शब्द आहे. ग्रीकांनीं धांवणें पाहिलें, आपण मुक्काम पाहिला. दोन्ही खरें आहे, आणि आपल्या ‘धांवपट्टी’ शब्दांत तर ग्रीकांचा द्रोमोसही मराठी होऊन बसला आहे. हें सगळें मीं त्या टॅक्सींत अण्णांशीं बोलूं शकलों असतों. गिरगांव ते सांताक्रूझ एवढा वेळ आमच्यापाशीं होता.

नातीला मीं फोनवर सगळें सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “म्हणजे पणजोबा बरोबर होते.” तिनें अण्णांना पाहिलेलें नाहीं.

पुढें मार्गशीर्षांत तिचें पहिलें एकटीचें उड्डाण ठरलें. शिकविणारा खालीं उतरतो आणि शिकणाऱ्यानें एकट्यानें उडून, मैदानाला एक वळसा घालून, परत उतरावयाचें असतें. सौभाग्यवतींचा गुडघा प्रवासाला तयार नव्हता, म्हणून मी एकटाच एस. टी. नें बारामतीस गेलों. स्थानकावर रिक्षावाल्याला मुद्दाम म्हणालों, “एरोड्रोमवर घ्या.” त्याला कळलें नाहीं. “विमानतळ” म्हटलें, तर तो विचारांत पडला आणि म्हणाला, “म्हंजी जिथं शिकाऊ इमानं उडत्यात, तेच ना?” मीं होय म्हटलें. त्याच्या गांवावरून तुकोबांची पालखी दरवर्षीं जाते. तुकोबांना वैकुंठास नेणारें विमान त्याच्या आजोबा-पणजोबांनाही ठाऊक होतें. त्याला शब्द शिकविण्याचा अधिकार मला नव्हता.

तारेच्या कुंपणाबाहेर एका बाभळीखालीं मी उभा राहिलों. पांढरें लहानसें विमान धांवपट्टीच्या टोंकाला गेलें, वळलें, धांवूं लागलें आणि उठलें. त्याचा आवाज कमी कमी होत गेला, आणि क्षणभर तें उन्हांत दिसेनासें झालें. माझी नजर आपोआप खालीं आली. धांवपट्टी रिकामी होती. कडेच्या गवतावर वारा फिरत होता. एक टिटवी ओरडत होती. किती मिनिटें गेलीं कोणास ठाऊक. मग डाव्या हाताला आवाज आला, विमान खालीं उतरलें, एकदां हलकेच उसळलें आणि जमिनीवर स्थिर झालें. बरोबरच्या मुलांनीं त्यांच्या रिवाजाप्रमाणें तिच्या अंगावर बादल्या ओतल्या. ती तशीच ओलेती कुंपणापाशीं आली आणि तारेंतून हात बाहेर काढून तिनें मला नमस्कार केला.

रात्रीं घरीं आल्यावर मीं दादाला अमेरिकेस फोन लावला. तो आतां ऐंशीचा झाला आहे. नातीच्या उड्डाणाची हकीकत सांगितली, आणि मग पन्नास वर्षांचें मनांतलें ओझें उतरवावें म्हणून तेंही सांगितलें: द्रम् धातु, ग्रीक द्रोमोस, आणि अण्णांचें बरोबर होतें तें.

दादा थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “मला ठाऊक आहे. मी त्या वेळीं परत आलों, त्यानंतरच्या त्यांच्या पहिल्याच पत्रांत त्यांनीं तें सगळें लिहिलें होतें. पुरीं दोन पानें.”

“मग तूं मला कधीं कसें सांगितलें नाहींस?”

“शेवटीं एक ओळ होती,” दादा म्हणाला. “धाकट्याला कळवूं नकोस, त्याला वाईट वाटेल, अशी.”